तक्रार हवी, तकरार नको

(ठरलेला प्रवास रद्द करावा लागला आणि हॉटेलने आगाऊ घेतलेले सगळे पैसे ठेवून घेतले, तर ग्राहकाने काय करावे? कोणते पैसे सोडावेत, कोणते मागावेत आणि कसे मागावेत, हे या पाठात एका कुटुंबाच्या उदाहरणातून समजावून सांगितले आहे.)

मे महिन्याची सुट्टी जवळ आली, की घरोघरी प्रवासाचे बेत सुरू होतात. उदाहरणासाठी आपण भिवंडीतील एक कुटुंब घेऊ. अब्बांचे कपडे शिवण्याचे लहानसे दुकान आहे. घरात दादी, अम्मी आणि तीन मुले आहेत. मोठी मुलगी नववीत, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकते. दादीने आयुष्यात कधी थंड हवेचे ठिकाण पाहिले नव्हते. म्हणून अब्बांनी वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकले आणि या वर्षी सर्वांना महाबळेश्वरला न्यायचे ठरवले. वेण्णा तलावात नावेतून फिरायचे, पाचगणीचे टेबललँड पाहायचे, असे बेत मुलांनी आधीच आखून ठेवले.

अब्बांनी फोन करून एका हॉटेलात दोन खोल्या ठरवल्या. एका खोलीचे एका रात्रीचे भाडे २,००० रुपये. दोन खोल्या, तीन रात्री. म्हणजे एकूण १२,००० रुपये. "सीझन आहे, पूर्ण पैसे आधी पाठवा," असे हॉटेलवाल्यांनी सांगितले. अब्बांनी मोबाइलवरून पैसे पाठवले. थोड्या वेळाने हॉटेलचा संदेश आला : "१८ मे ते २१ मे, तीन रात्री, दोन खोल्या आपल्यासाठी राखून ठेवल्या आहेत. १२,००० रुपये मिळाले. धन्यवाद."

पण माणूस ठरवतो एक आणि होते भलतेच. ५ मे रोजी दादी न्हाणीघरात पाय घसरून पडली. तिच्या मांडीचे हाड मोडले. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करावी लागेल असे सांगितले. आता कसले महाबळेश्वर आणि कसले काय! दुसऱ्याच दिवशी अब्बांनी हॉटेलात फोन केला.

"साहेब, आई पडली आहे. आम्हांला येता येणार नाही. आमचे पैसे परत करा."

"वाईट झाले, चाचा. पण पैसे परत मिळत नाहीत. आमचा तसा नियम आहे."

"हा नियम तुम्ही आधी सांगितला नव्हता."

"काउंटरच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. सगळ्यांना दिसतो."

अब्बा गप्प झाले. जे काउंटर त्यांनी कधी पाहिलेच नाही, त्याच्या मागचा फलक त्यांना दिसणार कसा? रात्री जेवताना ते म्हणाले, "जाऊ दे. गेले ते गेले. मोठ्या माणसांशी तकरार कोण करणार?"

मुलगी म्हणाली, "अब्बा, तकरार नको, पण तक्रार करू या."

एक शब्द, दोन अर्थ

मित्रांनो, हे दोन शब्द नीट लक्षात घ्या. 'तकरार' हा शब्द तुम्हांला घरात ऐकू येतो. उर्दूत त्याचा अर्थ वाद किंवा भांडण असा होतो. तोच शब्द मराठीत आला आणि 'तक्रार' झाला. पण त्याचा अर्थ बदलला. उर्दूत ज्याला आपण 'शिकायत' म्हणतो, त्याला मराठीत 'तक्रार' म्हणतात. भांडणात आवाज चढतो, शब्द वाढतात आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. तक्रारीत मात्र काय घडले, काय चुकले आणि आपल्याला काय हवे, एवढेच शांतपणे सांगायचे असते. करार, मुदत, रक्कम, नुकसान, अर्ज, हक्क, वकील हे शब्दही तुमच्या ओळखीचे आहेत. पैशांच्या व्यवहारातले मराठी तुम्हांला वाटते तेवढे परके नाही.

खोली राखणे म्हणजे करार

आपण खोली मागितली, हॉटेलने ती द्यायचे कबूल केले आणि भाडे ठरले, की करार झाला. त्यासाठी मोठा कागद किंवा शिक्का लागतोच असे नाही. फोनवरचे बोलणे आणि मोबाइलवरचा संदेश यांतूनही करार होतो. आपल्या देशात करारांसाठी १८७२ सालचा भारतीय करार कायदा आहे. तो आजही लागू आहे.

करार दोघांनाही बांधतो. खोली राखून ठेवल्यावर हॉटेलने ती दुसऱ्याला देऊन टाकायची नसते. त्याचप्रमाणे ग्राहकानेही आयत्या वेळी "येत नाही" म्हणून मोकळे व्हायचे नसते. हॉटेलवाल्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. महाबळेश्वरला मे महिन्यात गर्दी असते. पावसाळ्यात ती ओसरते. सीझनमध्ये एक खोली तीन दिवस रिकामी राहिली, तर त्या दिवसांचे भाडे पुन्हा येत नाही. नोकरांचा पगार आणि विजेचे बिल मात्र द्यावेच लागते. म्हणून बेत रद्द करणाऱ्याकडून काही रक्कम कापून घेणे यात गैर काही नाही.

प्रश्न एवढाच, की किती कापायचे? आणि ते आधी सांगितले होते का?

अटी तीन प्रकारच्या

हॉटेलांच्या अटी साधारणपणे तीन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात ठरावीक तारखेपर्यंत खोली रद्द केली, तर सर्व पैसे परत मिळतात. दुसऱ्या प्रकारात एका रात्रीचे भाडे किंवा काही टक्के रक्कम कापली जाते. तिसऱ्या प्रकारात काहीच परत मिळत नाही. या तिसऱ्या प्रकारच्या खोलीचे भाडे पुष्कळदा कमी असते. भाडे स्वस्त का, याचे उत्तर त्या अटीत असते. स्वस्त भाडे पाहून, अट वाचून आणि मान्य करून आपण पैसे भरले असतील, तर पुढे "हा अन्याय आहे" असे म्हणणे कठीण जाते. अशा वेळी विनंती जरूर करावी. पण हक्क सांगताना जपून सांगावा.

मात्र अट पैसे घेण्यापूर्वी सांगितली पाहिजे. पैसे घेतल्यावर सांगितलेली अट म्हणजे शर्यत संपल्यावर बदललेला नियम होय. आपल्या उदाहरणात फोनवर अट सांगितली नाही. हॉटेलच्या संदेशातही ती नव्हती. ती होती काउंटरच्या मागे, भिवंडीपासून कितीतरी कोस दूर. हाच अब्बांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा होता.

बटाटे, अंडी आणि सर्वोच्च न्यायालय

अट आधी सांगितली असली, तरी वाटेल तेवढा दंड घेता येतो का? करार कायद्याच्या कलम ७४ मध्ये याचे उत्तर आहे. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल, असे करारात लिहिलेले असले, तरी ती सगळी रक्कम आपोआप मिळत नाही. मिळते ती वाजवी भरपाई; आणि तीही लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही.

याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा १९६९ सालचा एक निकाल प्रसिद्ध आहे. मौला बक्ष नावाच्या ठेकेदाराने सैन्याला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवण्याचे ठेके घेतले होते. त्यासाठी त्याने सरकारकडे एकूण १८,५०० रुपये अनामत ठेवले होते. त्याच्याकडून माल वेळेवर आणि पुरेसा आला नाही. सरकारने ठेके रद्द केले आणि अनामत रक्कम जप्त केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ठेकेदाराने करार मोडला होता, यात वाद नव्हता. पण न्यायालयाने विचारले, की सरकारचे नुकसान किती झाले? बटाटे आणि अंडी बाजारात मिळणाऱ्या वस्तू आहेत. सरकारने ती दुसरीकडून विकत घेतली असतील, तर जास्त किती पैसे पडले, हे दाखवता आले असते. सरकारने ते दाखवले नाही. म्हणून रक्कम व्याजासह परत करण्याचा हुकूम झाला.

या निकालातून एक साधी गोष्ट कळते. ज्याची चूक झाली, त्याच्याकडून भरपाई घ्यावी. पण ती नुकसानीच्या मापाने घ्यावी. काही नुकसान मोजता येत नाही. तेव्हा आधी ठरलेली रक्कम योग्य अंदाज म्हणून धरली जाते. पण जे मोजता येते, ते मोजलेच पाहिजे. अब्बांनी १२ दिवस आधी कळवले होते. मे महिन्यात १२ दिवसांत त्या खोल्यांना दुसरे ग्राहक मिळणे कठीण नव्हते. दुसऱ्यांकडून भाडे घ्यायचे आणि अब्बांचे १२,००० रुपयेही ठेवायचे, म्हणजे एकाच खोलीचे दोनदा भाडे घेणे झाले.

मुलीने काय केले?

शाळेत मराठीच्या तासाला मुलगी पत्रलेखन शिकली होती. आतापर्यंत तिने सहलीसाठी परवानगी मागणारी आणि पुस्तके मागवणारी पत्रे लिहिली होती, तीही गुणांसाठी. आता पहिल्यांदाच खरे पत्र लिहायचे होते.

तिने प्रथम पुरावे गोळा केले. पैसे पाठवल्याची नोंद, हॉटेलचा संदेश, फोन केल्याची तारीख आणि वेळ, तसेच दादीच्या दवाखान्याचा कागद. लहान भाऊ म्हणाला, "दादीची तब्येत फारच नाजूक आहे असे लिही, म्हणजे लवकर पैसे देतील." मुलगी म्हणाली, "जे खरे आहे तेवढेच लिहायचे. एक गोष्ट खोटी निघाली, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही."

मग तिने हिशेब केला. एका रात्रीचे दोन खोल्यांचे भाडे ४,००० रुपये. तेवढे हॉटेलने ठेवावेत, कारण बेत आपणच रद्द केला आहे. उरलेले ८,००० रुपये परत मागावेत. अब्बांना हे पटले. रात्री दुकान बंद करून आल्यावर ते तिच्या शेजारी बसले. ते सांगत गेले, ती मराठीत लिहीत गेली.

दिनांक : ८ मे

प्रति,
माननीय व्यवस्थापक

विषय : रद्द केलेल्या खोल्यांचे पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या हॉटेलात १८ मे ते २१ मे या तीन रात्रींसाठी दोन खोल्या राखून ठेवल्या होत्या. त्यांचे १२,००० रुपये मी आधीच पाठवले आहेत. माझी आई ५ मे रोजी पडली व तिच्या मांडीचे हाड मोडले. त्यामुळे मी ६ मे रोजी, म्हणजे १२ दिवस आधी, फोन करून खोल्या रद्द केल्या.

पैसे परत मिळत नाहीत, हा आपला नियम मला पैसे देण्यापूर्वी सांगितला नव्हता. आपल्या संदेशातही तो नाही. आपले काही नुकसान झाले असेल, हे मला मान्य आहे. म्हणून एका रात्रीचे भाडे ४,००० रुपये आपण ठेवावे आणि उरलेले ८,००० रुपये १५ दिवसांच्या आत परत करावेत, ही विनंती. आपले नुकसान यापेक्षा जास्त झाले असेल, तर त्याचा हिशेब कृपया लेखी कळवावा.

सोबत पैसे पाठवल्याची नोंद, आपला संदेश व दवाखान्याच्या कागदाची प्रत जोडली आहे.

आपला विश्वासू,
(सही)

हे पत्र पुन्हा एकदा वाचा. त्यात एकही कठोर शब्द नाही. रडगाणे नाही आणि धमकीही नाही. तारखा आहेत, आकडे आहेत, मागणी आहे आणि मुदत आहे. हॉटेलच्या हक्काचे जे आहे, ते आधीच मान्य केले आहे. अशा पत्राला उडवून लावणे अवघड असते. पत्राची एक प्रत त्यांनी घरी ठेवली. एक प्रत मोबाइलवरून आणि एक टपालाने, पोहोचपावतीसह पाठवली.

चार दिवसांनी हॉटेलचा फोन आला. "पैसे देण्याऐवजी पुढच्या वर्षी या. तेव्हा ही रक्कम वळती करून घेऊ." असे पुष्कळदा सुचवले जाते. आपल्याला खरोखर जायचे असेल, तर ते स्वीकारायला हरकत नाही. पण किती रक्कम, किती दिवसांची मुदत आणि तेव्हाचे भाडे काय, हे लेखी घ्यावे. अब्बांना मात्र दादीच्या औषधांसाठी पैसे हवे होते. त्यांनी नम्रपणे नकार दिला आणि मुलीने तसे लिहून कळवले. मुदत संपायच्या आत ८,००० रुपये खात्यात जमा झाले.

उत्तर आलेच नाही तर?

प्रत्येक वेळी पत्राने काम होईलच असे नाही. तेव्हा पुढच्या पायऱ्या माहीत असाव्यात.

पैसे कार्डाने भरले असतील, तर आपल्या बँकेला लेखी कळवून त्या व्यवहाराला हरकत घेता येते. याला 'चार्जबॅक' म्हणतात. बँक दोन्ही बाजूंचे कागद मागवते. अट स्पष्ट होती आणि आपण ती मान्य केली होती असे दिसले, तर बँक पैसे देत नाही. खोली एखाद्या प्रवास कंपनीमार्फत ठरवली असेल, तर हॉटेल आणि कंपनी या दोघांनाही पत्र लिहावे. नाहीतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही; पण ती आपली तक्रार समोरच्यापर्यंत पोहोचवते आणि पुढचा मार्ग सांगते.

शेवटची पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. देशात ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली झाला. २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन त्याचीच आठवण आहे. पुढे २०१९ साली नवा कायदा झाला आणि जुलै २०२० मध्ये तो लागू झाला. नव्या कायद्याने ग्राहकाची एक मोठी अडचण दूर केली. पूर्वी तक्रार समोरचा माणूस जेथे असेल किंवा प्रकरण जेथे घडले असेल, तेथे जाऊन करावी लागे. आता ग्राहक स्वतः जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे भिवंडीच्या माणसाला साताऱ्याला खेटे घालावे लागत नाहीत. ठाणे जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. वकील घेतलाच पाहिजे, असेही नाही. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

आणखी एक सावधगिरी बाळगा. पैसे परत मिळवण्याच्या घाईत इंटरनेटवर दिसेल त्या क्रमांकावर फोन करू नका. ठग लोक हॉटेलच्या नावाने खोटे क्रमांक टाकून ठेवतात आणि "पैसे परत पाठवतो, पिन टाका" असे सांगतात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

आधीच घेतलेली काळजी

खोली ठरवतानाच एक प्रश्न विचारला, तर पुढची धावपळ वाचते : "आम्हांला यायला जमले नाही, तर किती पैसे परत मिळतील?" उत्तर फोनवर मिळाले, तरी "एवढेच संदेशात लिहून पाठवा" असे सांगावे. शक्य असल्यास सगळे पैसे आधी न देता थोडी रक्कम आगाऊ द्यावी. आणि बेत रद्द करायचा असेल, तर एक दिवसही उशीर करू नये. आपण जितक्या लवकर कळवू, तितके हॉटेलचे नुकसान कमी होते आणि आपली मागणी बळकट होते. फोन केला, तरी मागोमाग दोन ओळी लिहून पाठवाव्यात. बोललेले विसरले जाते, लिहिलेले राहते.

दादी आता काठी धरून चालते. परत आलेल्या पैशांतून तिची औषधे आली. त्या दिवशी अब्बांनी मुलीचे पत्र घडी घालून दुकानाच्या गल्ल्यात ठेवले. आता मोहल्ल्यातले कोणी विजेच्या बिलाचे, कोणी मोबाइल दुरुस्तीचे गाऱ्हाणे घेऊन दुकानात येते. अब्बा ते पत्र काढून दाखवतात आणि म्हणतात, "भांडू नका. बसा. तारीख सांगा, रक्कम सांगा. मुलगी शाळेतून आली, की लिहून देईल."

स्वाध्याय

१. हॉटेलचा नियम अब्बांना आधी का कळला नाही?
२. बेत रद्द करणाऱ्या ग्राहकाकडून काही रक्कम कापणे योग्य का आहे?
३. मौला बक्ष यांच्या खटल्यातून कोणती गोष्ट कळते?
४. 'तकरार' आणि 'तक्रार' या शब्दांच्या अर्थांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
५. तुमच्या काकांनी लग्नासाठी सभागृह ठरवले होते. एक महिना आधी त्यांनी ते रद्द केले; पण आगाऊ दिलेली रक्कम परत मिळाली नाही. त्यांच्या वतीने सभागृहाच्या व्यवस्थापकांना पत्र लिहा.